दोन्ही बाजूंनी सारखं

"हास बगू."

आमच्या ओळखीची सुरुवात या दोन शब्दांनी झाली. मी भिवंडीच्या सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅनच्या खोलीसमोर पत्रकं वाटत होते. घोषणा देऊन घसा बसला होता. पोलिसानं एकदा हटकलं होतं आणि दुसऱ्यांदा हटकण्याआधी तो हातातला चहा संपवत होता. तेवढ्यात दार उघडलं. गळ्यात सोन्याची जाड साखळी, अंगात निळा अॅप्रन, डाव्या गालात पान, असे पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हास बगू."

मी म्हटलं, "मी इथे हसायला आलेली नाही."

"त्ये दिसतंय. पन हास एकदा."

"का म्हणून?"

"रागात तोंड वाकडं होतं मानसाचं. मंग राग हाय का लकवा हाय, समजत न्हाय."

मी हसले नाही. त्यांनी एक पत्रक मागून घेतलं आणि आत गेले. मला वाटलं, निदान एक माणूस वाचणार. दुपारी शेजारच्या खोलीत डोकावले तर माझ्या पत्रकावर तळलेले बोंबील मांडलेले होते.

"कागद जाड हाय तुमचा," ते म्हणाले. "पुढच्या येळेलापन ह्योच वापरा."

सगळा दवाखाना त्यांना दादूस म्हणायचा. खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या कागदावर असावं. स्कॅनचं यंत्र चालवायचं काम त्यांच्याकडे, तेही कंत्राटी. घर जवळच्या शेलार गावातलं. घरच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत आणि कामतघरला घरचाच जुना यंत्रमागाचा कारखाना आहे. कारभार थोरल्या भावाकडे. म्हणजे दादूस मोठ्या गाडीतून यायचे, कंत्राटी पगारावर दिवसभर राबायचे आणि मोठ्या गाडीतून परत जायचे. गाडी डॉक्टरांच्या जागेत लावायचे. त्यावरून दर आठवड्याला भांडण व्हायचं आणि दर आठवड्याला गाडी तिथेच असायची.

मी एकदा सरळ विचारलं, "तुम्हाला या नोकरीची गरज काय?"

"भाडं घरबसल्या येतं," ते म्हणाले. "मंग घरी बसून करू काय? भाड्याकडं बगत बसू?"

त्यांना नम्र समजू नका. स्वतःवर ते फार खूश होते. साखळी अॅप्रनच्या बाहेर दिसेल अशी ठेवायचे. फोन मोठ्यानं बोलायचे. 'थुंकण्यास सक्त मनाई' या पाटीखाली बसून पान चघळायचे आणि कुणी बोट दाखवलं की म्हणायचे, "थुकायला मनाई हाय. ठेवायला न्हाय." खरंच कधी थुंकले नाहीत. ते पान जेवताना आणि झोपताना सोडलं तर गालातून हलत नसे. त्यामुळे त्यांचा चेहरा कायम डावीकडे फुगलेला, ओठ तिरके आणि बोलणं अर्धं आत अर्धं बाहेर. दुसऱ्यांची तोंडं तपासत फिरणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड दिवसभर वाकडं. हे मी त्यांना ऐकवलंही.

"माजं धरू नको," ते म्हणाले. "तितं सामान हाय."

आता पत्रकाबद्दल. शीर्षक होतं, 'मागितला डॉक्टर, दिला डबा!' मी आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. रुग्णालयात स्कॅनचं यंत्र होतं, पण डोक्याचे फोटो वाचणारा तज्ज्ञ डॉक्टर नव्हता. पद मंजूर, खुर्ची रिकामी. फोटो बाहेर पाठवायचे, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. दरम्यान पक्षाघाताचा रुग्ण बाकावर आडवा. आम्ही अर्ज दिले, धरणं धरलं. शेवटी शासनाला जाग आली आणि त्यांनी एक सॉफ्टवेअर बसवलं. स्कॅन झाला की काही मिनिटांत ते डोकं वाचतं, आत रक्तस्राव आहे की नाही सांगतं, शंका असलेल्या भागात रंग भरतं आणि सगळं डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवतं. उद्घाटनाला फलक लागला, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आता भिवंडीकरांच्या सेवेत'. आमच्या गटानं समोरच्या भिंतीला कागद लावला, 'नैसर्गिक बुद्धिमत्तेचं पद कधी भरणार?' तो कागद संध्याकाळच्या आत काढला गेला. इतक्या तत्परतेनं त्या रुग्णालयात दुसरं काही झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्या उद्घाटनात दादूस हार घेऊन उभे होते. पाहुण्यांच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सायब, हसा बगू." पाहुण्यांना वाटलं फोटो निघतोय. ते भरघोस हसले. दादूसनी त्यांचा चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि मान हलवली. "दोनी बाजूनी सारकं. जावा."

सॉफ्टवेअरशी त्यांचं बरं जमलं. सुरुवातीला ते शहाणं यंत्र सारखं रुसायचं. रुग्ण जरा हलला की 'प्रतिमा अपुरी' म्हणून निकालच द्यायचं नाही. मग दादूस घाबरलेल्या म्हाताऱ्यांचे पाय धरून उभे राहायचे आणि त्यांना जावयाच्या चौकशा करायचे. उत्तर द्यायला तोंड उघडलं की ओरडायचे, "बोलू नको! नुसतं आठव!" जावई आठवताना माणूस अगदी स्तब्ध होतो, असा त्यांचा अनुभव होता.

"ह्यो लय शिकलेला हाय," स्क्रीनवर बोट ठेवून ते मला म्हणाले. "आपल्या खुर्चीवाल्यापेक्षा बरा. खुर्चीवाला येतच न्हाय. पन ह्याची एक अडचन हाय. ह्याला शेजारी न्हाय."

मला वाटलं, पान जास्त झालं. मग त्यांनी समजावलं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला की त्याच इंजेक्शननं डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती. आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. "मेंदू ह्यो बगतो," दादूस म्हणाले. "पन मानूस शेवटचा बरा कवा व्हता, त्ये कोन सांगनार? बायको सांगनार, नायतर शेजारी."

हसायला लावायचं खूळ कुठून आलं, तेही त्यांनी एकदाच सांगितलं, बोंबलाचा काटा काढता काढता. घरी लग्न होतं. हळदीच्या दिवशी अंगणात बेंजो, सगळी नाचत होती. त्यांची आई मधोमध. "सगली हसत व्हती, तीबी हसत व्हती," ते म्हणाले. "ती अर्धीच हसत व्हती. आमी म्हटलं, नाचून दमली." मग ते पुढचा बोंबील खाऊ लागले.

ज्या दिवसाबद्दल मला खरं सांगायचंय, त्या दिवशी मी तिथे सह्या गोळा करत होते. कामतघरहून रिक्षात घालून एक विणकर आणला गेला. पस्तिशीचा, उत्तरेकडचा, केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू. उजवा हात लोंबत होता. बरोबर कारखान्याचा मुकादम, घामानं भिजलेला. दादूस स्ट्रेचरवर वाकले. "हसो भाई. जरा हसो." विणकर हसला. डावी बाजू हसली, उजवी जागेवर राहिली.

दादूस एरवी गाडीवरून भांडणारा माणूस. पण असं हसू दिसलं की एक अक्षर न बोलता कामाला लागायचे. स्कॅन झाला. रुग्ण यंत्रावरून उतरायच्या आत ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमचा मोबाइल वाजला. रक्तस्राव नाही. डाव्या मेंदूत गुठळीची शंका. म्हणजे इंजेक्शन देता येण्यासारखं होतं. ठाण्याचे मोठे डॉक्टर फोनवर होते. आता एकच प्रश्न राहिला आणि तो मॅडमनी मुकादमाला विचारला, "हा शेवटचा ठीक कधी होता?"

"कल रात से ऐसा ही है, मॅडम," मुकादम म्हणाला. "कमरे में सोया था. ड्युटी पे आया ही नहीं."

मॅडमनी फोन कानाजवळून खाली घेतला. मलाही तोपर्यंत कळायला लागलं होतं. काल रात्रीपासून म्हणजे दार बंद. या माणसाचा उजवा हात गेला. विणकराचा उजवा हात.

दादूस विणकराच्या केसांतले तंतू टॉवेलनं पुसत होते. प्रत्येकाचं डोकं ते पुसायचेच. पुसता पुसता त्यांनी टॉवेलला लागलेल्या तंतूंकडे पाहिलं, मग मुकादमाकडे पाहिलं. "कारखाना कोनचा?"

मुकादम चपलेकडे बघू लागला.

"अरे, कारखाना किसका है?"

"आपका ही है, सेठ."

दादूसचं पान थांबलं. चघळणं थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. भिवंडीच्या यंत्रमागावर ड्युटीत कधीच काही होत नाही. बोट तुटलं, तो तुटक्या बोटानंच आला होता. चक्कर आली, घरूनच आणली होती. माणूस पडला की आधी त्याला कारखान्याच्या फाटकाबाहेर आणतात, मग रिक्षा बोलावतात. ड्युटीवर झालं म्हटलं की भरपाई आली, कामगार खात्याचा साहेब आला. म्हणून 'कल रात से ऐसा ही है' हे वाक्य मालकानं मुकादमाच्या तोंडात आधीच घालून ठेवलेलं असतं. मुकादम बिचारा ते दवाखान्यातही म्हणतो, कारण त्याला वाटतं ते पोलिसासाठी आहे. ते डॉक्टरच्या घड्याळात जाऊन बसतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यावर आम्ही नंतर पत्रक काढलं. त्या क्षणी मी फक्त उभी होते.

"माज्या भावानं शिकवलं ना ह्ये बोलायला?" दादूसनी विचारलं.

"सबको बोल के रखा है, सेठ."

"बरं. मालक मीपन हाय. आता मी बोलतो त्ये ऐक. ये आदमी मेरे कारखाने में ड्युटी पे गिरा. कोई भी आया, पोलीस, लेबर का साहब, मेरा नाम बता. समजला? आता बोल. कवा?"

मुकादमानं मॅडमकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "अभी, चाय के बाद. धागा जोड़ रहा था. हाथ से बॉबिन गिर गया, फिर उठा नहीं पाया."

मॅडम खमक्या. त्या म्हणाल्या, "आत्ता काल रात्र म्हणालात, आता चहा म्हणता. मी कशावर इंजेक्शन देऊ? त्याला डोळ्यांनी पाहिलेला माणूस द्या मला." मुकादमानं शेजारच्या मागावरच्या विणकराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. खोलीत एकदम मागांचा खडखडाट भरला. त्या खडखडाटातून एक माणूस ओरडून बोलत होता, "हाँ हाँ, मेरे साथ चाय पिया! मेरी बिस्किट भी खा गया! अब कैसा है वो?"

बिस्किट खाऊ शकणारा माणूस धडधाकट असतो. मॅडमनी फोनवर ठाण्याच्या डॉक्टरांना ते सांगितलं, आणि इंजेक्शन दिलं.

पुढे त्याला ठाण्याला नेलं. काही आठवड्यांनी तो विणकर दवाखान्यात पेढे घेऊन आला. दादूसनी पेढ्याकडे पाहिलंच नाही. "हसो." तो हसला. दादूसनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. "उजवीकडं जरासं कमी हाय," ते मला म्हणाले. "पन तुज्यापेक्षा बरा हसतो."

घरी रणकंदन झालं. थोरले भाऊ म्हणाले, तुझं डोकं फिरलंय. दादूस म्हणाले, "चल, स्कॅन काढू. मशीन आपल्याच हातात हाय." हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. भाऊ काही महिने बोलत नव्हते, पण विणकराला भरपाई मिळाली आणि ते मुकादमाला शिकवलेलं वाक्य त्या एका कारखान्यात तरी बंद झालं. मी म्हटलं, एवढ्यानं भागत नाही. कामगारांची नोंदणी करा, विमा उतरवा, हॉस्पिटलच्या रिकाम्या पदासाठी आमच्या अर्जावर सही करा. त्यांनी सही केली. सही फार मोठी होती, दोन जणांची जागा गेली.

आणि त्यांनी स्वतःचा एक कार्यक्रम सुरू केला. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ते कामतघरच्या कारखान्याच्या फाटकात खुर्ची टाकून बसायचे. रात्रपाळीचे बाहेर पडत, दिवसपाळीचे आत शिरत. प्रत्येकानं थांबायचं, हसायचं, मग पुढे. "हसो. चलो. हसो. चलो." पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं, सेठला घरच्या भांडणाचा धक्का बसला. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस सकाळी फुकट हसत नाही, पण इथे हसल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. कोण दात घासून आला, कोण नाही, हेही दादूसना कळू लागलं आणि ते मोठ्यानं सांगू लागले.

मी एकदा तिथे गेले तेव्हा मलाही म्हणाले, "हास बगू." मी म्हटलं, मी तुमची कामगार नाही. ते म्हणाले, "म्हनूनच सांगतो. तुला तर विमापन न्हाय."

त्यांच्यावर आली ती वेळही सकाळचीच होती. दिवसपाळी आत गेली, फाटक बंद झालं आणि दादूस खुर्चीवरून उठेनात. मुकादमाला वाटलं, डोळा लागला. हाक मारली तर त्यांनी फक्त पाहिलं. मग त्याच मुकादमानं त्यांना त्यांच्याच मोठ्या गाडीत घालून दवाखान्यात आणलं. बातमी कळताच मीही धावले.

स्कॅनच्या खोलीत त्या दिवशी दुसरा तंत्रज्ञ होता. स्कॅनआधी त्यानं त्यांच्या गालातलं पान बोटानं काढलं. पान निघालं, आणि तोंड वाकडंच राहिलं.

सॉफ्टवेअरनं आपलं काम नेहमीसारखं चोख केलं. काही मिनिटांत मॅडमचा मोबाइल वाजला. रक्तस्राव नाही. डाव्या मेंदूत गुठळीची शंका, आणि बाधित भागात रंग भरलेला. रंगाचा पट्टा मोठा होता. मॅडमनी मुकादमाला तोच प्रश्न विचारला. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "हे शेवटचे ठीक कधी होते?"

मुकादमाला या वेळी खरं सांगायचं होतं. त्यासाठी त्यानं जीव दिला असता. "मॅडम, कसम से, मालूम नहीं," तो म्हणाला. "सुबह आए, बैठे. आज 'हसो' नहीं बोले, खाली हाथ हिलाया. सबको लगा मुँह पान से भरा है. मुँह तो इनका रोज टेढ़ा रहता है, मॅडम."

बायकोला फोन केला. त्या म्हणाल्या, सकाळी पान लावून निघाले, काहीतरी पुटपुटले. पान असलं की धड कळतच नाही. गेटवरच्या कामगारांना विचारलं. एक म्हणाला, ठीक थे. दुसरा म्हणाला, रोज जैसे थे. नीट चेहरा, पान नसलेला, शेवटचा पाहिला होता तो घरच्यांनी, आदल्या रात्री जेवताना. आमटीत मीठ कमी म्हणून ते भांडले होते.

आदली रात्र. मॅडमनी ते दोनदा विचारून घेतलं. नंतर ठाण्याला फोन केला. इंजेक्शन देता आलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, करता येण्यासारखं सगळं केलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

त्या सकाळी फाटकातून आत-बाहेर गेलेला प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर थांबून हसला होता. तुम्ही हसा बघू, असं उलट कुणी म्हटलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

त्यांच्या जागी रुग्णालयात आता एक शांत, कामसू तंत्रज्ञ आहे. तो गाडी योग्य जागी लावतो. सॉफ्टवेअर चालू आहे. फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञाचं पद अजून रिकामं आहे. हे मी इथे लिहिते आहे, कारण पत्रकात लिहून झालं, अर्जात लिहून झालं, भिंतीवरही लिहून झालं.

गेल्या आठवड्यात नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी पाळी बदलायच्या वेळी कामतघरला गेले. खुर्ची फाटकातच होती. थोरले भाऊ दादूसना रोज स्वतः गाडीतून आणून बसवतात म्हणे. दादूस पूर्वीपेक्षा वाळलेत. साखळी तेवढी अॅप्रनऐवजी शर्टाच्या बाहेर. गालात पान नाही, त्यामुळे तोंड किती वाकडं आहे ते आता स्वच्छ दिसतं.

त्यांना काही बोलता येत नाही. कुणी सांगितलेलंही नाही. तरी दिवसपाळीचा प्रत्येक माणूस खुर्चीसमोर आपणहून थांबत होता, वाकत होता, हसत होता. दादूस डावीकडून बघत, उजवीकडून बघत, मान हलवत. माणूस पुढे. इंजेक्शन मिळालेला तो विणकर आला, हसला. उजवीकडे अजून जरासं कमी आहे. दादूसनी त्याला जरा जास्त वेळ थांबवलं, मग सोडलं.

मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांत धरून कागद चोळून पाहिला. जाडच होता. मग मांडीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी बाजूला व्हायला गेले तर त्यांनी डावा हात आडवा धरला. माझ्यामागे रांग थांबली. आतले माग सुरू व्हायचे होते. कुणीतरी खाकरलं.

"मॅडम, हस दो ना," मागून मुकादम म्हणाला. "शिफ्ट रुकी है."

मी हसले. त्यांनी डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि हात बाजूला घेतला.